तोमेबाईचा रांजण

नातवाने नवं घर बांधायला काढलंय. परवा कंत्राटदाराचा माणूस जिप्समची एक पांढरी फळी घेऊन आला आणि तिच्यावर टिचकी मारून म्हणाला, "आजी, ही भिंतीत बसवली की तासभर आग पलीकडे जात नाही. मागे सरकारी शिक्का आहे, बघा." मी चष्मा लावून बघितलं. शिक्का होता.

"आणि फटींचं काय?" मी विचारलं. "दारं-खिडक्या आल्या की फटी आल्याच."

"त्याला मसाला येतो, नळीत भरलेला. धग लागली की आपोआप फुगतो आणि फट बुजते."

"बरं झालं बाई. म्हणजे त्याला रोज मळायला नको."

पोरगा हसला. म्हातारी काहीतरी बोलतेय तर हसून मोकळं व्हावं, तसा. मी त्याला चहा दिला, वर मुळ्याचं लोणचं दिलं. पोरगा भला आहे. पण तो गेल्यावर मी मागच्या अंगणात कोठाराच्या वळचणीखाली जाऊन बसले. तिथे जुना रांजण आहे. सुनेने हौसेने त्यात शेवंती लावली होती. ती मी उपटून टाकली. तेव्हापासून सून माझ्याशी बोलत नाही. बोलेना तर बोलेना!

हा रांजण तोमेबाईचा होता.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तोमेबाईने पन्नाशी ओलांडली होती. बुटकी, रुंद खांद्यांची, हातांच्या भेगांत कायमची पिवळी माती. ओळीने मुलीच होत गेल्या म्हणून बापाने हिचं नाव तोमे ठेवलं, म्हणजे 'आता पुरे'. "देवाने ऐकलं हो बापाचं," ती सांगायची. "माझ्यानंतर मुलगी झाली नाही. मुलगाही झाला नाही." आणि स्वतःच पोट धरून हसायची.

आमचं घर मिसोवाल्यांचं. सोयाबीन शिजवायचं, बुरशी धरलेला तांदूळ आणि मीठ घालून लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायचं, आणि साऱ्या आइझू प्रांताला खाऊ घालायचं. तोमेबाई पिंपं धुवायची, स्वयंपाकघर बघायची, माझ्या नवऱ्याला तर तिनेच पाठीवर बांधून वाढवलं होतं. पण उजाडल्यावर तिचं पहिलं काम म्हणजे हा रांजण. त्यात लिंपणाची ओली माती असायची.

आता कोणाला ठाऊक नसतं म्हणून सांगते. कोठाराच्या भिंती हातभर जाड मातीच्या, दारंही मातीने मढवलेली. पण दार कितीही जाड केलं तरी फट ही राहतेच, आणि आगीला फट पुरते. म्हणून आग आली की दार लावून ती फट ओल्या मातीने बुजवायची. ही माती ऐनवेळी भिजवून चालत नाही, मुरलेली लागते. म्हणून प्रत्येक कोठारवाल्याच्या घरी ती रांजणात कायम मऊ ठेवलेली असायची. असायची म्हणते खरी, पण निम्म्या घरांत तिचा दगड झालेला असे. आमच्याकडची माती लोण्यासारखी. तोमेबाई कोपरापर्यंत हात घालून ती खालवर करायची, चिरलेला पेंढा टाकायची, वर ओली चटई घालायची. गल्लीतली पोरं तिला चिखलआजी म्हणत.

पहिल्या हिवाळ्यात मला तिची दया आली. "तोमेबाई, आज तरी राहू द्या. बाहेर केवढं बर्फ पडतंय!"

"राहू देते की, धाकट्या बाई. आगीला तेवढं विचारून या, आज येतेय की उद्या."

मी परत काही त्या वाटेला गेले नाही.

त्या कोठाराच्या भिंती तिच्या नवऱ्याने घातल्या होत्या. कान्सुके त्याचं नाव. मी त्याला बघितलं नाही, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी तो गेला. आमच्या गावात ज्याने चाळिशीच्या आत कोठार बांधलं नाही त्याला चारचौघांत मान वर करता येत नसे, आणि माझे सासरे चाळिशीला टेकले होते. कामाला घाई चालत नाही. आधी बांबूच्या कामट्यांची जाळी, पेंढ्याच्या दोरीने आवळलेली. मग पेंढ्याबरोबर वर्षभर कुजवलेली माती, जिच्या वासाने शेजारी भांडायला यावेत. तिचे गोळे जाळीवर आपटायचे, वाळू द्यायचे, पुन्हा थर, पुन्हा वाळवण. शेवटी चुना, त्यात सणाचे धागे आणि समुद्रातलं शेवाळ उकळून काढलेली खळ. सासऱ्यांनी "उरक, उरक" करून कान्सुकेच्या मागे टुमणं लावलं, आणि त्या वर्षी दहिवर लवकर पडलं. उत्तरेच्या भिंतीचा ओला थर रात्रीत गोठला. वसंतात तो फुगून सोलून पडला, भर रस्त्याकडच्या बाजूने, गावाच्या डोळ्यांदेखत.

कान्सुकेने बिघडलेला थर पक्क्या मातीपर्यंत खरवडून काढला आणि सगळी बाजू नव्याने घातली. सासऱ्यांकडे एका शब्दाची तक्रार केली नाही. पण पुढच्या थंडीत त्याच्या छातीत कफ भरला आणि तो गेला. आणि उकिची नावाचा गावातला दुसरा कारागीर, ज्याला हे काम मिळालं नव्हतं, तो दारूच्या दुकानात बोलून गेला, "कान्सुकेची भिंत! वरून चुना, आतून वारा."

एवढंच. पण गावाला म्हण लागतेच. पोरांचा बर्फाचा बाहुला कोसळला, कान्सुकेची भिंत. कोणाची सोयरीक मोडली, कान्सुकेची भिंत. गावच्या न्हाणीघरात तोमेबाई गरम पाण्यात बसलेली असायची आणि पलीकडच्या बायका तेच बोलून खिदळायच्या. ती पाण्यातून उठायची नाही की उलटून बोलायची नाही. मेलेल्या माणसाची बाजू घेऊन कोणाकोणाशी भांडणार? भिंत तर सगळ्यांसमोर उभी होती, पण आतून कशी आहे हे आग आल्याशिवाय कळणार नव्हतं.

तिच्या खोलीत, गेलेल्या माणसाची ठेवतात तशी, कान्सुकेच्या नावाची छोटी लाकडी पट्टी होती. तिच्यापुढे ती रोज पाणी ठेवायची, भात ठेवायची, दिवा मात्र कधी लावायची नाही. मी एकदा न राहवून विचारलं.

"भिंतीला आधी तोंड उघडू दे," ती म्हणाली. "मग लावीन. तोवर बसू दे त्याला अंधारात. मी नाही बसलेय?"

"म्हणजे तुम्ही आगीची वाट बघताय की काय?"

"अभद्र बोलू नका, धाकट्या बाई!" ती केवढ्यांदा ओरडली. मग रांजणावरची चटई नीट करत राहिली. मला वाटतं, ती आगीला भीतही होती आणि वाटही बघत होती. दोन्ही खरं असू शकतं.

माझं माहेर मेणबत्त्या करणाऱ्यांचं. रुखवतात वडिलांनी स्वतः रंगवलेली एक जोडी दिली होती, एकीवर शेवंती, दुसरीवर बोराएवढ्या कळ्यांची बोटन फुलं. "मोठ्या प्रसंगाला लाव," म्हणाले होते. सासूबाईंनी ती पेटी कोठारात ठेवून दिली, उत्तरेच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर. आमचं मेण झाडाच्या बियांचं, नाजूक. जरा ऊब लागली की मेणबत्ती मान टाकते.

माझ्या लग्नानंतरच्या तिसऱ्या वसंतात ती आग आली. शेतांच्या कडेला अजून बर्फ होतं आणि डोंगरावरून कोरडा, ऊन वारा सुटला होता. दुपारची जेवणं होताहेत तोच देवळाची घंटा वाजायला लागली. गावाच्या दक्षिण टोकाला पेटलं होतं आणि वारा उत्तरेकडे.

आणि नेमका त्या वर्षी रांजण अर्धा होता. हिवाळ्यात चूल तडकली तेव्हा सासूबाईंनी लिंपणाची माती काढून ती बुजवायला लावली होती. तोमेबाई तेव्हा त्यांच्याशी कडाकडा भांडली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माती ती माती. नवी आण." पण मातीची खाण बर्फाखाली होती. बर्फ वितळलं की आणू, असं ठरलं होतं. आग तेवढी थांबली नाही.

अशा वेळी घराच्या ठरलेल्या कारागिराने धावत येऊन कोठार लिंपायचं, ही रीत. कान्सुकेनंतर आमचा ठरलेला कारागीर उकिची होता, पण त्याच्याकडे तांदळाची दारू गाळणाऱ्या साकेवाल्यांचंही कोठार होतं, आणि साकेवाले आमच्याहून मोठे. तो तिकडे गेला. तोमेबाईने वाट पाहिलीच नाही. डोक्याला फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "गोळे करून द्या. भोपळ्याएवढे नकोत, मुठीएवढे."

आमचे हे शिडी लावून वरच्या खिडक्या बंद करून आले. मातीचं जड दार दोघांनी लोटलं. त्याच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या, एकीत एक बसणाऱ्या. तोमेबाई अंगठ्याने माती फटीत दाबत वरून खाली येत होती. जमिनीलगतची झरोक्याची भोकंही तिने विसरली नाहीत. शेजारच्या गल्लीतून धूर येऊ लागला आणि दाराची उजवी फट कमरेपासून खाली उघडी असताना माझ्या हाताला रांजणाचा तळ लागला.

"संपली," मी म्हणाले. मला रडूच आलं.

तोमेबाईने एकदा फटीकडे बघितलं. "धाकटे मालक, मिसो आणा."

"काय?"

"कोपऱ्यातल्या पिंपातलं. ते घट्ट आहे."

"तीन वर्षं मुरलेलं?" हे किंचाळले. "वडील गेले त्या वर्षीचं, त्यांच्या हातचं शेवटचं पिंप आहे ते!"

"तासाभरात ते कोळसाच होणार आहे. आणताय की मी जाऊ?"

ह्यांनी घमेलं भरून आणलं. सासूबाई छाती पिटत होत्या, "चुलीत घाला तुमचं कोठार, माझं मिसो!" आणि तोमेबाई ते तपकिरी सोनं मूठमूठ घेऊन फटीत थापत होती. शेवटचा हात फिरवून तिने तळवा भिंतीवर ठेवला, क्षणभरच. मग आम्ही सगळे देवळाच्या टेकडीकडे पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बघितलं तर गाव नव्हतं. राख, आणि राखेत इथेतिथे उभी काळी कोठारं. आमचं घर, पिंपं, चूल, सगळं गेलेलं. कोठाराच्या डोक्यावर नुसतं टेकवलेलं लाकडी छप्पर जळून पडलं होतं, ते पडायचंच असतं. खालचं मातीचं छत शाबूत होतं. आणि सगळ्या गल्लीत भाजलेल्या मिसोचा वास! उपाशी माणसं वास घेत घेत येत होती. त्या वासाने मला भूक लागली याची आजही लाज वाटत नाही.

पण उत्तरेच्या भिंतीतून पांढरं काहीतरी वर चढत होतं.

"धूर!" हे म्हणाले. "आत पेटलंय." आमचं धान्य, रजया, कपडे, पुढच्या हंगामाचं सोयाबीन, सगळं आत होतं. हे कुठूनसा हातोडा घेऊन आले. तोमेबाई दारासमोर उपड्या रांजणावर बसली होती. पहाटेच येऊन बसली असावी.

"उठा, तोमेबाई."

"वाफ आहे ती. मातीला घाम फुटलाय."

"आणि धूर असला तर?"

"असला तर त्याला पेटायला वारा लागेल. तो तुम्ही देणार."

मागे लोक जमले होते. कोणीतरी हळूच म्हणालं, "कान्सुकेची भिंत." तोमेबाईने ऐकलं. मी ऐकलं. ती जागची हलली नाही.

"बाजूला व्हा! तुमच्या नवऱ्याच्या नावासाठी माझं सगळं जाळणार का?"

"हो," ती म्हणाली. "पाठीवर वागवलंय तुम्हाला, योशिझो. कधी काही मागितलं नाही. आज मागते. भिंत गार होईपर्यंत थांबा. घाईने उघडलंत आणि आत पेटलं, तर दोष तुमच्या हातोड्याला कोणी देणार नाही. त्यालाच देतील."

ह्यांनी हातोडा उचललेलाच होता. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून असा आवाज आला की जमीन हादरली. साकेवाल्यांनी आपलं कोठार उघडलं होतं. रात्रभर तापलेल्या पोटात वारा शिरला आणि दारातून ज्वाळेचा लोळ बाहेर आला. माणसं वाचली. कोठार मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आतून जळत गेलं.

ह्यांच्या हातातला हातोडा खाली गेला.

मग एकाने, सगळं गमावलेल्या माणसाला येतं तसं कडू हसू हसून म्हटलं, "घ्या! उकिचीची भिंत!" आणि लोक हसले. म्हण तयार झाली होती, नुसतं नाव बदलायचं होतं.

आणि तोमेबाई उठून उभी राहिली.

"कोण बोललं ते?" इतक्या वर्षांत तिचा तो आवाज कोणी ऐकला नव्हता. "भिंतीने काय केलं? आग रात्रभर अडवली तिने! दार कोणी उघडलं? उकिचीने? लिंपून गेला तो बिचारा, 'उघडू नका' सांगून गेला असेल. घाई तुमची आणि नाव कारागिराचं! पुन्हा हे कोणी बोललं तर त्याच्या तोंडाला लिंपीन मी!"

ज्या म्हणीने तिचा नवरा मेल्यावर पुन्हा मेला, तिची दुसरी आवृत्ती तिने जन्मतःच मोडून टाकली. मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्याने हे झालं नसतं. मी तर मनातल्या मनात टाळ्या पिटल्या होत्या.

संध्याकाळी उकिची आला. भुवया जळलेल्या, अंगरखा एका बाजूने कोळसा. कोणीतरी त्याला सगळं सांगितलं होतं.

"इथे बसू का?"

"जमीन काय माझ्या बापाची आहे?"

तो बसला. मग म्हणाला, "तोमेबाई, कान्सुकेबद्दल मी तेव्हा..."

"गप्प बसा. देवळामागे सावलीत बर्फ आहे, ते घेऊन या."

मग पुढचे दिवस दोघं तिथेच. तोमेबाई बर्फाचा मुठीएवढा गोळा भिंतीला चिकटवायची. तो भर्रकन पाणी होऊन ओघळला की म्हणायची, "अजून नाही." हे रोज येऊन लांब उभे राहायचे आणि परत जायचे. वाफ थांबली. गोळे सावकाश वितळू लागले. एका सकाळी तिने लावलेला गोळा तिथेच राहिला, भिंतीला धरून, बराच वेळ. उकिचीने पालथा हात लावून बघितला आणि मान डोलावली.

लिंपण त्यानेच थापीने काढलं. माती विटेसारखी भाजली होती. मिसोच्या खरपूस पापड्या निघाल्या, त्या तोमेबाईने फुकट घालवू दिल्या नाहीत. देवळातून आलेल्या भाताच्या गोळ्यांबरोबर गल्लीने त्या खाल्ल्या. सासूबाईंनी एक तुकडा चघळला, म्हणाल्या, "जरा खारट झालंय," आणि आणखी मागितला.

दार उघडलं. आत अंधार.

"चला, तोमेबाई," मी म्हणाले.

"तुम्ही जा." हातोड्यासमोर न हललेली बाई उंबऱ्यापाशी घाबरली होती. "तुम्हीच बघा आणि सांगा. खोटं सांगू नका."

मी आत गेले. रजया होत्या तशा होत्या. मी सरळ उत्तरेच्या फळीपाशी गेले, पेटी काढली आणि बाहेर उजेडात आणून सगळ्यांसमोर उघडली. दोन्ही मेणबत्त्या आडव्या पडलेल्या, सुयांसारख्या सरळ. वडिलांनी काढलेली एक पाकळीसुद्धा विसकटली नव्हती.

उकिचीने एक उचलली, ओळंबा बघतात तशी एक डोळा मिटून बघितली. "सरळ आहे," तो मोठ्याने म्हणाला, मागच्या माणसापर्यंत ऐकू जावं इतक्या मोठ्याने. मग गुडघे टेकून त्याने कपाळ जमिनीला लावलं. तोमेबाईपुढे नाही, भिंतीपुढे.

तोमेबाईने डोक्याचं फडकं सोडलं, त्यात तोंड खुपसलं आणि ती रडली. कान्सुके गेला तेव्हाही ती रडली नव्हती असं सासूबाई सांगत.

मी शेवंतीची मेणबत्ती तिच्या हातात दिली. ती नको नको म्हणत होती, जोडी मोडू नये म्हणत होती. "वडिलांनी मोठ्या प्रसंगाला लाव म्हटलंय," मी म्हणाले. "याहून मोठा कुठला आणू?" नावाची पट्टी तिने पळताना कमरेला खोचून नेली होती. ती तिने कोठारात उत्तरेच्या भिंतीशी ठेवली आणि पुढे मेणबत्ती लावली. "बस आता उजेडात," एवढंच म्हणाली.

बर्फ वितळल्यावर तिने आणि उकिचीने खाणीतून माती आणली आणि रांजण भरला. पुढे गावात आगीचा बंब आला, नळ आले, बाकीच्या घरांतले रांजण लोणच्याला गेले. तोमेबाई मळतच राहिली. अंथरुणाला खिळली तेव्हा रोज सकाळी विचारायची, "रांजण?" आणि मी मातीचे हात तिला दाखवायची. ती नखं बघायची. माझ्या शब्दावर विश्वास नव्हता तिचा.

तिच्यामागे मीही मळत राहिले. अलीकडे बोटं वळेनाशी झाली आणि मगच सोडलं.

तिला मूलबाळ नव्हतं. म्हणून तिच्या नावाची पट्टी आमच्याच पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवली, कान्सुकेच्या शेजारी. त्या दिवशी मी कोठारात जाऊन पेटी उघडली आणि जोडीतली दुसरी मेणबत्ती आणून तिच्यापुढे लावली. एवढी वर्षं त्या भिंतीच्या आड राहिलेली, शेवटपर्यंत सरळ जळली.